ट्रेकवर पाण्याचा फिल्टर वारंवार तुंबत असेल तर : कारणे, उपाय आणि नवा घेण्यापूर्वीचा विचार

पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन दिवस चालणाऱ्यांची एक तक्रार नागपुरात दर पावसाळ्यानंतर ऐकू येते. हलका म्हणून घेतलेला पाण्याचा फिल्टर घरी नळाच्या पाण्यावर झरझर चालतो, पहिल्या मुक्कामापर्यंतही बरा चालतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमक्या तहानेच्या वेळी, त्यातून धार न येता थेंब पडू लागतात. मग पिशवी दोन्ही हातांनी पिळावी लागते, पिळताना कधी तिचा जोड उसवतो, आणि लिटरभर पाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे ताटकळण्यापेक्षा लोक ओढ्याचे पाणी तसेच पिऊन मोकळे होतात. घरी आल्यावर फिल्टर खराब निघाला असे ठरवून दुसऱ्या कंपनीचा मागवला जातो आणि पुढच्या खेपेस तोही तसाच तुंबतो.

कंपनी बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष बहुतेक वेळा फिल्टरमध्ये ओतलेल्या पाण्याचा आणि तो धुण्याच्या पद्धतीचा असतो. विदर्भातील पाण्यासाठी फिल्टर निवडताना त्याचे वजन किती ग्रॅम आहे हे नंतर पाहावे. रानात, सॅकमधल्या साधनांनी, जोर लावून तो उलट्या दिशेने धुता येतो की नाही हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही नवा घेण्यापूर्वी हातात असलेला फिल्टर खरोखर निकामी झाला आहे का, हे तपासणे स्वस्त पडते.

तपासणी थोडी नीट करता यावी म्हणून त्याची रचना माहीत असलेली बरी. आज बाजारात मिळणारे बहुतेक हलके फिल्टर पोकळ तंतूंचे असतात. बारीक, पोकळ नळ्यांची एक जुडी मधोमध दुमडून प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवलेली असते. गढूळ पाणी नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला राहते, त्यांच्या भिंतींतील छिद्रांतून आत झिरपते आणि नळीच्या पोकळीतून पुढे बाहेर पडते. ही छिद्रे ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी काही मायक्रॉनचे आणि हगवण, पटकी, विषमज्वर यांचे जिवाणू साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीचे असल्यामुळे ते बाहेर अडतात. पण त्याच भिंतीवर मातीचा प्रत्येक कणही अडतो, आणि अडलेली माती कुठेही जात नाही. ती आपण काढेपर्यंत तिथेच राहते.

खरोखर तुंबला आहे का?

पहिली शंका हवेची घ्यावी. कडक बाटलीला फिल्टर लावून ती उलटी धरली, तर थोडे पाणी बाहेर पडल्यावर बाटलीत पोकळी निर्माण होते, बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही आणि प्रवाह थांबतो. फिल्टरचे आटे क्षणभर सैल केले की बुडबुडे आत जातात आणि धार पूर्ववत होते. मऊ पिशवीत हे घडत नाही, परंतु तिथे दुसरी अडचण असते. महिनोन्महिने कोरडा राहिलेला फिल्टर पहिल्यांदा वापरताना तंतूंच्या छिद्रांत हवा अडकलेली असते आणि कोरड्या छिद्रांतून पाणी सहज शिरत नाही. असा फिल्टर निघण्याच्या आदल्या रात्री हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा आणि मग उलट धुऊन घ्यावा. अनेक ‘तुंबलेले’ फिल्टर एवढ्यावरच सुरू होतात.

दुसरी शंका वायसरची. पिशवी आणि फिल्टर यांच्या जोडातील रबरी वायसर सरकला, दुमडला किंवा धुताना ओढ्यात पडला, तर पिळल्यावर पाणी फिल्टरमधून न जाता आट्यांवरून ओघळते. याने प्रवाह कमी होतो हा त्रास लहान आहे. ओघळणारे कच्चे पाणी फिल्टरच्या बाहेरून थेट खालच्या स्वच्छ बाटलीत पडते, हा मोठा. जादा वायसर सॅकच्या वरच्या कप्प्यात असावा.

तिसरी गोष्ट नागपूरकरांच्या लक्षात सहसा येत नाही, कारण आपल्याकडे ती अनुभवाला येत नाही. पाणी जितके थंड तितके ते बारीक छिद्रांतून सावकाश जाते. ५ अंश सेल्सिअसचे पाणी वाहताना जो अंतर्गत विरोध करते, तो ३० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे नागपुरात ऑक्टोबरमध्ये लिटरभर पाणी दीड मिनिटात देणारा फिल्टर हिमालयातल्या बर्फाच्या ओढ्यावर तीन मिनिटे घेईल, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. तिथे पाणी उन्हात थोडा वेळ ठेवणे हाच उपाय आहे.

चौथी गोष्ट उंचीची. पिशवी झाडाला टांगून नळीने पाणी खाली आणण्याची पद्धत वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पाण्याच्या एक मीटर उंचीमुळे साधारण ०.१ बार दाब मिळतो. पिशवी फिल्टरपासून अर्ध्या मीटरवर न टांगता दीड मीटरवर टांगली की दाब आणि त्याबरोबर प्रवाह जवळपास तिप्पट होतो. नळी लांब घेण्याचा खर्च आणि वजन दोन्ही किरकोळ आहेत.

या चारही गोष्टी तपासूनही धार बारीकच असेल, तर फिल्टर तुंबला आहे असे मानावे. मात्र ‘बारीक’ म्हणजे किती, हे ठरवायला मोजमाप लागते. नवा फिल्टर घरी आणल्याबरोबर, पिशवी ठरावीक उंचीवर टांगून, एक लिटर पाण्याला लागलेला वेळ घ्यावा आणि तो पक्क्या शाईच्या पेनने फिल्टरच्या अंगावरच लिहून ठेवावा. आमच्या गटाच्या सामानातील प्रत्येक फिल्टरवर असा आकडा असतो, आणि ‘मागच्या वेळी बरा चालत होता’ या छापाचे वाद त्यामुळे बंद झाले आहेत.

काळी माती रातोरात का निवळत नाही

नागपूर शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व सीमेवर आहे. पश्चिमेला काटोल, वर्धा, अमरावतीकडे आणि पुढे चिखलदरा, सेमाडोहच्या डोंगरांपर्यंत काळा खडक आणि त्यापासून झालेली काळी माती आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या बाजूला खडक निराळा, माती निराळी आणि जागोजागी मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातले जुने तलाव. उत्तरेला छिंदवाडा, तामियामार्गे पचमढी गाठली की वालुकाश्म लागतो. फिल्टरच्या दृष्टीने या तीन पाण्यांत फार फरक आहे. पचमढीच्या झऱ्यात वाळूचे जड कण असतात; ते भांड्यात दहा मिनिटांत तळाला बसतात. मामा तलावात उन्हाळ्याच्या तोंडी शेवाळ असते आणि ते तंतूंवर बुळबुळीत थर धरते. सर्वांत त्रासदायक काळ्या मातीचे पाणी होय, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य तक्रारी तिथूनच येतात.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहून लहान असतात. मृदा परीक्षणात वापरल्या जाणाऱ्या हिशेबानुसार दोन मायक्रॉनचा कण २० अंशांच्या स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली जायला सुमारे आठ तास घेतो. कणाचा आकार निम्मा झाला की वेळ चौपट होतो. लिटरच्या बाटलीत पाण्याची उंची वीस सेंटिमीटरच्या आसपास असते. तेव्हा ‘रात्रभर ठेवले की निवळेल’ हा सल्ला वाळूला लागू पडतो, काळ्या मातीला नाही. शिवाय हे कण एकाच प्रकारचा, ऋण विद्युतभार घेऊन असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि गोळा होऊन जड होत नाहीत. सकाळी बाटलीच्या तळाशी गाळाचा थर दिसतो, वरचे पाणी फिक्या चहाच्या रंगाचे राहते, आणि ते वरचे पाणीच फिल्टरला मारते, कारण त्यात उरलेले कण नेमके छिद्रांत अडकतील अशा मापाचे असतात.

याला उपाय तुरटीचा आहे. घराघरात पावसाळ्यात माठात तुरटीचा खडा फिरवण्याची रीत होती आणि ती अगदी बरोबर होती. तुरटीतील ॲल्युमिनियम कणांवरचा विद्युतभार घालवते आणि त्याचे जे भुरभुरीत पुंजके बनतात, ते मातीला कवटाळून खाली ओढतात. शहराला पाणी देणाऱ्या शुद्धीकरण केंद्रांतही तुरटी किंवा तिच्याच जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार, मग निवळणे, मग वाळूचा थर आणि शेवटी क्लोरीन हाच क्रम असतो. सॅकमधला फिल्टर या क्रमातला तिसरा टप्पा आहे. पहिले दोन वगळून थेट तिसऱ्यावर उडी मारली की तो तुंबणारच.

ट्रेकवर खडा फिरवण्यापेक्षा द्रावण सोयीचे पडते, कारण खड्यातून किती तुरटी गेली हे कळत नाही. एक ग्रॅम तुरटीची पूड १०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात विरघळवली की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी येते. हे द्रावण औषधाच्या छोट्या बाटलीत न्यावे आणि सुई नसलेल्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने मोजून घ्यावे. मध्यम गढूळ पाण्याला लिटरमागे तीन ते पाच मिलिलिटर पुरतात. द्रावण टाकल्यावर बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी, त्यानंतर चार-पाच मिनिटे हळूहळू, हातातल्या हातात फिरवत राहावी आणि मग ती सपाट दगडावर ठेवून द्यावी. हळू फिरवण्याचा भाग लोक टाळतात आणि मग तुरटीचा उपयोग होत नाही असे म्हणतात. पुंजके एकमेकांवर आपटून मोठे व्हायला तेवढाच वेळ लागतो. बाटली उजेडासमोर धरली तर आधी पाण्यात नुसते धुके दिसते, मग त्या धुक्यात बारीक ठिपके उमटतात, ठिपक्यांमधली जागा लख्ख होत जाते आणि शेवटी सरकीवरच्या कापसासारखे मळकट पुंजके संथपणे खाली उतरू लागतात. ते उतरू लागले की अर्ध्या-पाऊण तासात वरचे पाणी नितळ होते.

नितळ पाणी ओतून घेताना तळाचे दोन बोटे पाणी बाटलीतच सोडावे. ते पुंजके फिल्टरमध्ये गेले तर मातीपेक्षा लवकर तुंबवतात. तुरटी जास्त पडली तर पाणी तुरट लागते आणि निवळतही नाही. त्यामुळे ‘थोडी आणखी टाकू’ हा मोह आवरावा. वालुकाश्मावरच्या झऱ्यांत क्षार फार कमी असतात आणि तिथे तुरटी नीट काम करत नाही, पण तिथे तिची गरजही क्वचितच पडते.

निवळीच्या बिया माठाच्या आतल्या बाजूला घासून पाणी निवळवण्याची जुनी रीत मध्य भारतात सर्वांना ठाऊक आहे आणि ती काम करते. तरीही रानात वेचलेल्या बियांवर हा प्रयोग करू नये. निवळी आणि कुचला ही एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली झाडे आहेत आणि कुचल्याचे बी जहाल विषारी असते.

तुरटी नसेल तेव्हा, आणि असेल तेव्हाही, पिशवीत भरताना पाणी दुहेरी सुती कापडातून गाळावे. जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा चांगला. नारूचा रोग पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांमधून पसरत असे आणि कापडाने पाणी गाळण्याची सवय हा त्याच्या निर्मूलनातला एक मुख्य उपाय होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. कापडाने जिवाणू थांबत नाहीत, चिकणमातीही थांबत नाही, परंतु पानांचे तुकडे, शेवाळाचे धागे आणि सह्याद्रीतल्या गडांवरच्या टाक्यांत वळवळणाऱ्या अळ्या थांबतात, आणि फिल्टरचे निम्मे आयुष्य तिथेच वाचते.

पाणी कुठून घ्यावे याबद्दल एकच सूचना पुरेशी आहे. पाऊस पडून गेल्यावर लगेच मुख्य नाल्यातून न भरता, काठाशी झिरपून जमलेल्या डबक्यातून किंवा वाळूत हातभर खड्डा करून त्यात येणाऱ्या पाण्यातून भरावे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही.

उलट धुणे

बॅकवॉश हा शब्द घरच्या फिल्टरमुळे आता सर्वांच्या तोंडी आहे, पण ट्रेकवर तो फार मवाळपणे केला जातो. हळू सोडलेले पाणी ज्या तंतूंतून वाट मोकळी आहे तिथूनच निघून जाते आणि तुंबलेले तंतू तुंबलेलेच राहतात. त्यामुळे इथे झटका महत्त्वाचा आहे. साठ मिलिलिटरची मोठी सिरिंज स्वच्छ, गाळलेल्या पाण्याने भरावी, तिचे तोंड फिल्टरच्या बाहेर पडण्याच्या बाजूला घट्ट दाबून धरावे, फिल्टरचे दुसरे तोंड जमिनीकडे असावे आणि दट्ट्या एका दमात रेटावा. पहिल्या दोन रेट्यांत पाणी जवळजवळ स्वच्छ येते आणि माणसाला वाटते की आत काही नाही. तिसऱ्या-चौथ्याला एकदम तपकिरी गाळ बाहेर पडतो. अधूनमधून फिल्टर पाण्याने भरून तळहातावर आपटावा, म्हणजे तंतूंच्या जुडीत दबलेली माती सुटते. पाणी सलग तीन वेळा स्वच्छ आले की थांबावे.

या कामाला अर्धा लिटर गाळलेले पाणी लागते, आणि नेमके तेच तुंबल्यावर मिळत नाही. म्हणून पहिल्याच भरणीतले अर्धा लिटर पाणी धुण्यासाठी बाजूला ठेवावे. गढूळ पाण्यावर दर तीन-चार लिटरनंतर, नितळ पाण्यावर रोज रात्री मुक्कामाला, न चुकता धुवावे. गाळ ओला असताना निघतो. रात्रभर सुकल्यावर तो तंतूंना धरून बसतो. कच्चे पाणी सिरिंजमध्ये ओढून कधीही उलट धुऊ नये, कारण त्याने नळ्यांच्या आतली, म्हणजे स्वच्छ बाजूच दूषित होते आणि पुढचे सारे पाणी त्यातून येते.

सिरिंजची गरज नसलेले, पिशवीत पाणी घालून नुसते हलवून स्वच्छ करायचे फिल्टरही मिळतात. सुटी वाळू आणि पानांचा चुरा त्याने जातो. छिद्रांत रुतलेली काळी माती त्याने जात नाही.

घरी आल्यावर

फिल्टर तुंबण्याचे दुसरे मोठे कारण रानात नसून आपल्या घरच्या कपाटात असते. ओला फिल्टर टोपण लावून ठेवला की आतल्या ओलीत जिवाणूंचा चिकट थर वाढतो. बोअरच्या जड पाण्याने धुऊन सुकवला की छिद्रांत क्षार बसतात. नळाच्या तोटीवर जो पांढरा थर दिसतो तोच इथे न दिसता साचतो. दोन्ही टाळायला शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करावे. त्यानंतर लिटरभर पाण्यात सुमारे पाच टक्क्यांचे, वास किंवा साबण न मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट दोन-तीन मिलिलिटर घालून ते फिल्टरमधून जाऊ द्यावे, आणि दोन्ही टोपणे उघडी ठेवून फिल्टर सावलीत आठवडाभर सुकवावा. ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर यासाठी वापरू नये. तिच्यात चुना असतो, तो पुरता विरघळत नाही आणि जो क्षार आपण काढू पाहतो तोच आत जाऊन बसतो.

क्षारांनी तुंबलेला फिल्टर उलट धुऊनही सुरू होत नाही. त्याला वाणसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगारमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावे आणि मग भरपूर साध्या पाण्याने उलट धुवावे. लिंबाचा रस वापरू नये, त्यातला गर अडकतो. व्हिनेगार आणि हायपोक्लोराइट एकमेकांत कधीही मिसळू देऊ नयेत, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही करायचे असतील तर मध्ये एक दिवस जाऊ द्यावा.

आणि उन्हाळ्यात फिल्टर गाडीत ठेवू नये. ६० अंशांपुढे हे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद टिकेल याची हमी कंपन्या देत नाहीत, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात लावलेल्या गाडीत, काचेमागे, तेवढा ताप सहज होतो.

धार चांगली आहे, पाणी चांगले आहे का?

धार पूर्ववत झाली म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचे, तर लहान मुलांना जुलाब करणारा रोटा विषाणू ०.०७ मायक्रॉनच्या आसपास असतो. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांतून ते आरपार जातात. परदेशातील निर्मनुष्य डोंगरांत हे चालून जाते. आपल्या ओढ्यांच्या वरच्या अंगाला गाव, ढाणा (पाडा) किंवा यात्रा असते. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारीला विदर्भातून लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या दिवसांतल्या ओढ्यांबद्दल अधिक सांगायला नको. महाशिवरात्रीला चौरागडाखालच्या पाण्याचीही तीच गत असते.

तेव्हा वस्ती किंवा यात्रेच्या खालच्या अंगाचे पाणी फिल्टर केल्यावर त्यात क्लोरीनची गोळी किंवा थेंब वेष्टनावरील प्रमाणात घालून किमान अर्धा तास थांबावे. क्रम उलटा करू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतो. क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन फारसे मारत नाही, पण त्याला फिल्टरने आधीच अडवलेले असते. विषाणूंना फिल्टर अडवत नाही, पण त्यांना क्लोरीन मारतो. उकळायचे असेल तर पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे पुरतात.

रसायनांपुढे मात्र यातले काहीच चालत नाही. कपाशीच्या किंवा संत्र्याच्या बागांतून वाहून आलेले फवारणीचे औषध, हिरव्या-निळ्या शेवाळाच्या तवंगातले विष, चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांतल्या हातपंपांच्या पाण्यातले फ्लोराइड, हे सारे पोकळ तंतूंतून जसेच्या तसे पुढे जाते आणि उकळूनही जात नाही. असे पाणी भरायचेच नाही.

नवा घ्यायचाच असेल तर

वरचे सगळे केल्यावरही फिल्टर बदलायची वेळ आली, तर वजनाचा हिशेब पूर्ण करावा. सॉयर कंपनीचा ‘स्क्वीज’ सुमारे ८५ ग्रॅमचा आहे आणि त्याच कंपनीचा ‘मिनी’ सुमारे ५७ ग्रॅमचा. लहान फिल्टरमध्ये तंतू कमी, म्हणजे माती अडकायला जागा कमी, म्हणजे तो लवकर तुंबतो. या वाचलेल्या २८ ग्रॅमपायी धार मंदावली की माणूस पुढच्या पाणवठ्याची खात्री नसल्याने लिटरभर पाणी जास्त भरून घेतो, आणि ते एक किलोचे असते. काळ्या मातीच्या मुलखात चालणाऱ्याने एकट्यासाठीसुद्धा मोठाच फिल्टर घ्यावा. सिरिंज, तुरटीचे द्रावण, कापड आणि जादा वायसर धरून सारे सामान पाव किलोच्या आत बसते.

नंतर पाहावेत आटे. सॉयरसारखे २८ मिलिमीटर आट्यांचे फिल्टर शीतपेयाच्या साध्या बाटलीवर बसतात. कंपनीची पिशवी फाटली तर धारणी, परतवाडा किंवा तामियाच्या कोणत्याही टपरीवरून बाटली घेऊन काम भागते. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्यांचे तोंड मात्र वेगवेगळ्या मापाचे असते, ते घरीच लावून पाहावे. कॅटाडिनचा ‘बीफ्री’ ४२ मिलिमीटर रुंद तोंडाच्या स्वतःच्या पिशवीवर बसतो, तो वजनाला फार हलका आणि धारेला वेगवान आहे, हिमालयातल्या नितळ झऱ्यांवर मला तो आवडतो. पण तो हलवून स्वच्छ करायचा आहे आणि त्याच्या मापाची पिशवी आपल्या रानात मिळणार नाही. सिरॅमिकचे पंप जड असतात, घासून साफ करता येतात आणि पडले की तडकतात. अतिनील किरणांची कांडी विषाणूंनाही मारते, परंतु तिला नितळ पाणी आणि भरलेली बॅटरी लागते. गढूळ पाण्यात किरण मातीच्या कणांआडच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. दाबून गाळायच्या बाटलीत विषाणूंचाही बंदोबस्त होतो, मात्र तिचे वजन अर्ध्या किलोच्या घरात आणि तिचे काडतूस धुऊन पुन्हा वापरता येत नाही. चार-पाच जणांच्या गटाने प्रत्येकी एक लहान फिल्टर नेण्यापेक्षा टांगायच्या पिशवीचा एक मोठा फिल्टर आणि एक जादा असे न्यावे.

शेवटी, कधी टाकून द्यायचा? सगळे उपाय करून, मोजून घेतलेला वेळ फिल्टरवर लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक राहिला तर तो बदलावा. याउलट, गढूळ पाण्यावरही अचानक फार वेगाने चालू लागलेल्या फिल्टरबद्दल अधिक सावध राहावे. ओला फिल्टर गोठला की तंतूंना चिरा पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नागपुरात पाणी गोठत नसल्याने ही सवय आपल्याला नसते. पण डिसेंबर-जानेवारीत पचमढीलाही पारा शून्याच्या जवळ जातो आणि हिमालयात तर रात्री फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळच ठेवावा लागतो. शंका आली तर पूर्ण भिजलेल्या फिल्टरचे कच्च्या पाण्याचे तोंड पाण्यात बुडवावे आणि स्वच्छ बाजूचे तोंड पुसून तिथून तोंडाने फुंकर मारावी. भिजलेल्या धड तंतूंतून माणसाच्या फुंकरीची हवा जात नाही. बुडबुड्यांची सलग रांग निघाली तर तंतू तुटलेले आहेत. असा फिल्टर गटाच्या पेटीत परत ठेवू नये. त्याचे तोंड करवतीने कापूनच तो कचऱ्यात टाकावा, म्हणजे पुढच्या ट्रेकच्या घाईत कुणाच्या हाती तो चालू फिल्टर म्हणून लागणार नाही.